फिशटँकचा पीएच: बाटली उघडण्याआधी हे वाचा

"पीएच कमी करायचं औषध द्या," अशी मागणी दुकानात सारखी येते. आम्ही आधी दोनच गोष्टी विचारतो: मासे कोणते आहेत, आणि पाणी शेवटचं कधी बदललंत? उत्तरं मिळेपर्यंत बहुतेकदा औषधाची गरजच उरत नाही.

पाणी आम्लधर्मी आहे की त्याच्या उलट, हे पीएचवरून कळतं. ७ हा मधला आकडा, त्याच्या खाली पाणी आम्लधर्मी. आकडा एकाने बदलला की आम्लता दहापट बदलते, त्यामुळे ७ वरून ८ ही उडी कागदावर छोटी दिसली तरी माशासाठी मोठी असते. टेट्रा आणि एंजलना सातच्या जरा खालचं पाणी आवडतं, तर गप्पी, मोली आणि गोल्डफिशना सातच्या वरचं. पण हे मासे आज बहुतेक फार्ममध्ये वाढलेले असतात आणि ६.५ ते ८ मधलं कुठलंही पाणी त्यांना चालतं, फक्त ते रोज तसंच राहायला हवं.

मुंबईचं पाणी

भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून येणारं आपलं नळाचं पाणी तसं मऊ असतं. मऊ पाण्यात केएच कमी, म्हणजे आम्ल शोषून पीएच धरून ठेवणारे क्षार कमी. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट उलटी. ते बहुधा जड असतं. म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधला सल्ला तुमच्या टँकला लागू पडेलच असं नाही. नुसतं आरओचं पाणी मात्र कधीच भरू नका. त्यात केएच जवळजवळ नसतोच.

एका टँकची गोष्ट

लालबागच्या एका घरी टँक छान चालला होता. उन्हाळाभर पाणी आटेल तशी वरून भर घालत होते, बदललं मात्र नव्हतं. गणपतीला पाहुणे येणार म्हणून घरच्यांनी एका दुपारी पाऊण टँक रिकामा करून ताज्या पाण्याने भरला. सकाळपर्यंत एकही मासा उरला नव्हता. त्यांना वाटलं, नळाच्या पाण्यात काहीतरी होतं.

घडलं ते असं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, पण ते करताना आम्ल तयार होतं आणि केएच खर्च होतो. पाणी बदललं नाही तर केएच संपतो आणि पीएच सहाच्या खाली घसरतो. तिथे जिवाणूंचं कामही मंदावतं आणि अमोनिया साचत जातो. कमी पीएचला तो बराचसा निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे तग धरतात. सातच्या वरचं ताजं पाणी एकदम ओतलं की तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एकाने वाढला की विषारी भाग जवळजवळ दहापट. त्या घरच्यांनी हे प्रेमाने, स्वच्छतेसाठी केलं होतं. आम्हाला आजही वाईट वाटतं, कारण हे आधी सांगायला हवं होतं.

तुमचाही टँक असा राहून गेला असेल तर घाई करू नका. रोज साधारण १० टक्के पाणी बदला, आठवडा-दहा दिवस. तोवर खाणं अगदी कमी आणि एअर पंप चोवीस तास चालू.

नेहमीची काळजी

दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये वाळू-दगड सोडून ४५ लिटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे साधारण १० लिटर, एक मध्यम बादली. ताज्या पाण्याच्या बादलीत अँटी-क्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध, घाला. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरलात तर क्लोरीनने जिवाणू मरतात. हात घालण्याआधी सगळे प्लग काढा.

केएच ४ डिग्रीच्या (dKH) खाली असेल तर शिंपल्यांचा मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. तो हळूहळू विरघळतो, हेच त्याचं सुख. शिंपले विरघळताना पीएचही वाढवतात, म्हणून जुहू-अक्साहून आणलेले शिंपले किंवा संगमरवराचे तुकडे टेट्राच्या टँकमध्ये शोभेला ठेवू नयेत. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फसफसला तर तो पीएच वाढवणार.

लिंबू पिळणं नको. केएच चांगला असेल तर पीएच पुन्हा वर येतो आणि मासे खाली-वर हिंदकळतात. केएच नसेल तर पीएच थेट कोसळतो. पीएच हळू उतरवायचा असेल तर ड्रिफ्टवुड (टँकमध्ये ठेवायचं लाकूड) किंवा देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण सुकलेली पानं धुऊन घाला. पाणी चहासारखं दिसेल, घाबरू नका. रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेली पानं मात्र नकोत. पीएच उतरवणाऱ्या बाटल्यांत बहुधा आम्ल असतं. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड टँकजवळही आणू नका.

मोजायचं कसं

झाडांच्या टँकमध्ये पीएच सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो, म्हणून दर वेळी एकाच वेळेला मोजा. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या पावसाळ्यात दमट होऊन चुकीचं दाखवतात. आम्ही थेंबांचं किट वापरतो. पीएचसोबत केएच आणि अमोनियाही मोजा, एकट्या पीएचवरून निर्णय घेऊ नका.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत असतील, कल्ले लालभडक दिसत असतील, तर कुठलंही औषध ओतण्याआधी आमच्याकडे या. दोन स्वच्छ बाटल्या आणा: एकीत टँकचं पाणी, दुसरीत रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं. दोन्ही काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी आणा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.