चाचणी घेणं वेगळं, तिचा अर्थ लावणं वेगळं

अमेरिकेत विसरभोळेपणाची तक्रार घेऊन न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे चाचण्यांमधून मेंदूचं काम तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे, गेलेल्या माणसाच्या बिलावर ९६१३६ आणि ९६१३२ हे कामाचे दोन कोड बहुधा जोडीनं येतात. एकाच तपासणीचे पैसे दोनदा लावलेत, असं घरच्यांना वाटतं. विमा कंपनीचा माणूसही तसंच समजून बसला, तर मंजूर तासांना कात्री लागते.

९६१३६ हा चाचण्या घेऊन त्यांचे गुण काढण्याचा कोड. किमान दोन चाचण्या, पहिली ३० मिनिटं. पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला ९६१३७. हेच काम टेक्निशियननं केलं तर ९६१३८ आणि ९६१३९. ९६१३२ हा मूल्यमापनाचा पहिला तास, पुढचे तास ९६१३३. जुने कागद, औषधं, एमआरआय, घरच्यांनी सांगितलेलं आणि चाचण्यांचे गुण यांची सांगड घालणं, निदानाचा विचार, उपचारांची दिशा, अहवाल आणि कुटुंबाला तो समजावून सांगणं, हे सगळं यात येतं. वयाप्रमाणे तक्त्यातून गुण काढणं मात्र पहिल्याच कामात मोडतं.

फरक कुठे पडतो ते ट्रेल मेकिंग या चाचणीत बघा. तिच्या दुसऱ्या भागात कागदावर विखुरलेले आकडे आणि इंग्रजी अक्षरं आलटूनपालटून जोडायची असतात: १, ए, २, बी. मुलाकडे न्यू जर्सीला आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या आजींना ‘जी’नंतर काय येतं हे आठवायलाच वेळ लागतो. घड्याळ जास्त सेकंद दाखवतं, तक्ता कमी गुण देतो. इथे ९६१३६ चं काम संपलं. हा उशीर मेंदूच्या आजाराचा की इंग्रजी वर्णमालेचा सराव नसल्याचा, हे ठरवायला त्यांचं शिक्षण विचारावं लागतं, भाषेवर कमी अवलंबून असलेल्या चाचण्यांशी ताळा घालावा लागतो, सून औषधांच्या वेळांबद्दल काय सांगते ते ऐकावं लागतं. त्या तासांना कात्री लावली, तर हातात राहतात ते नुसते सेकंद.

१ जानेवारी २०१९ पूर्वी सायकॉलॉजिस्टची ही दोन्ही कामं ९६११८ या एकाच कोडात होती. ती वेगळी झाली तेव्हा मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविम्यानं, पहिल्या तासाच्या मूल्यमापनाला २.५६ इतकं कामाचं मूल्य दिलं; मोबदला ठरवताना हा आकडा धरतात. चाचणीच्या पहिल्या अर्ध्या तासाला ०.५५ आणि पुढच्या अर्ध्या तासाला ०.४६, म्हणजे पूर्ण तासाला १.०१. टेक्निशियनच्या कोडांना हे मूल्य शून्य; तिथे फक्त खर्च धरतात. विचाराचं वजन मान्य झालं, ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे. पण मूल्याला ज्या दरानं गुणतात तो २०२० मध्ये ३६.०९ डॉलर होता, २०२५ मध्ये ३२.३५ वर आला. महागाई वाढत असताना दर घसरला, आणि अशा वेळी डॉक्टरनं मेडिकेअर घेणं सोडलं, तर तोटा शेवटी रुग्णालाच होतो.

म्हणून नॅशनल अकॅडमी ऑफ न्यूरोसायकॉलॉजी, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन यांसारख्या संघटना या लढ्यात उतरतात. त्यांना दोन दारं ठोठावावी लागतात. पहिलं दार अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीचं. कोडाचं मूल्य सुचवणाऱ्या या समितीसाठी व्यावसायिक संघटना कामाला लागणाऱ्या वेळेचं सर्वेक्षण करतात. आपल्याला आलेला तो फॉर्म न्यूरोसायकॉलॉजिस्टनं मनापासून भरला पाहिजे. तिथे कमी लिहिलेला वेळ सगळ्यांनाच नडतो. दुसरं दार विमा कंपन्यांचं. मूल्य ठरलं तरी किती तास मंजूर करायचे, हे तिथे ठरतं.

तिथे मोघम तक्रार चालत नाही. कुठल्या कोडाखाली किती मिनिटं गेली आणि त्यात काय केलं, हे नोंदीत हवं. तासाचा कोड लावायला किमान ३१ मिनिटं काम झालेलं हवं, अर्ध्या तासाच्या कोडाला १६. कुटुंबानंही नकाराचं कारण लेखी मागावं. बहुतेक खासगी योजनांत नकार कळल्यापासून अपिलाला १८० दिवस मिळतात. अपिलासोबत डॉक्टरांचं पत्र जोडा, आणि मूल्यमापनाच्या तासांत कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधलं, हे त्यात आवर्जून लिहून घ्या.