जागा आहे, मजकूर नाही: सी भाषेतील अ‍ॅरे आणि पॉइंटर यांची पार्श्वभूमी

सी भाषेत फंक्शनच्या आत कॅरेक्टर अ‍ॅरे (अक्षरांसाठी सलग जागांची रांग) घोषित करून रिकामा सोडला, तर अक्षरांना जागा मिळते, मात्र तिच्यात आधीचा कचरा असतो. कॅरेक्टर पॉइंटर (अक्षराचा मेमरीतील पत्ता ठेवणारे चल) तसाच सोडला, तर जागा मिळते ती एका पत्त्यापुरती, आणि तो पत्ता कुठलाही असू शकतो. तरीही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, वाचून घेणाऱ्या स्कॅनएफ या फंक्शनची ओळ दोन्हींसाठी अक्षरशः सारखीच लिहिली जाते आणि नवशिक्याची फसगत होते: पॉइंटर असेल, तर अक्षरे भलतीकडे लिहिली जातात.

या साम्याचे मूळ सीच्या पूर्वजांत आहे. मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल आणि तिच्यावरून केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये रचलेली बी, या दोन्ही भाषांत डेटा टाइप (मूल्यांचे वेगवेगळे प्रकार) नव्हते. तिथे अ‍ॅरेचे नाव हा खरोखरच एक वेगळा पॉइंटर असे आणि तो पहिल्या घटकाचा पत्ता बाळगून असे. पुढे पीडीपी-११ यंत्रावर डेनिस रिची सी घडवत असताना ही पद्धत अडचणीची ठरली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिरेक्टरीतील नोंदीत फाइलचा क्रमांक आणि १४ अक्षरांचे नाव एवढेच असे. स्ट्रक्चरने (अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या सीमधील रचनेने) हीच मांडणी हुबेहूब घ्यायची, तर त्यात छुपा पॉइंटर ठेवायचा कुठे आणि त्यात पत्ता भरायचा कोणी? रिचींनी तो पॉइंटर साठवणेच बंद केले. अ‍ॅरेचे नाव एक्स्प्रेशनमध्ये आले की पहिल्या घटकाचा पत्ता तयार होईल, असा नियम केला. तोडगा देखणा आहे, पण त्याची किंमत आजही विद्यार्थी मोजतात.

स्ट्रिंगच्या शेवटी खूण ठेवण्याची रीतही बीकडूनच आली. सीमध्ये ती खूण म्हणजे शून्य बाइट. म्हणून न भरलेला अ‍ॅरे छापायला दिला, तर प्रिंटएफ शून्य भेटेपर्यंत, प्रसंगी अ‍ॅरेची हद्द ओलांडूनही, वाचत सुटतो. स्टॅकवर, म्हणजे लोकल चलांच्या मेमरीत, योगायोगाने शून्ये असली की हाच प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो, ही त्यातली खरी खोड.

ग्लोबल आणि स्टॅटिक चले आपोआप शून्य होतात, फंक्शनच्या आतली लोकल चले होत नाहीत. प्रत्येक कॉलला ती पुसण्याचा खर्च भाषेने कधी अंगावर घेतला नाही. १९७८ च्या सीमध्ये तर लोकल अ‍ॅरेला घोषणेतच आरंभमूल्य देण्याची सोयही नव्हती. ती १९८९ च्या ॲन्सी मानकाने दिली. काही घटक भरले की उरलेले शून्य होतात, त्यामुळे आरंभी रिकामी स्ट्रिंग दिली तरी अख्खा अ‍ॅरे स्वच्छ होतो. अलीकडे क्लँग आणि २०२२ च्या जीसीसी १२ या कंपायलरांमध्ये लोकल चले शून्याने भरण्याचा पर्यायही आहे. त्याने पॉइंटर नल (कुठलीच जागा न दाखवणारा) होतो आणि प्रोग्रॅम भलतीकडे लिहिण्याऐवजी बहुधा तिथेच कोसळतो; अक्षरांसाठी जागा मात्र मॅलॉक या मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनने किंवा एखाद्या अ‍ॅरेने प्रोग्रॅमरलाच द्यावी लागते.