जेनिफर केंडल: पृथ्वीच्या आधीपासूनची नटी

मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरला नाटक बघायला जाणाऱ्या बहुतेकांना जेनिफर केंडल माहीत असते ती शशी कपूरची बायको म्हणून. पण शशी भेटायच्या आधीपासून ती स्टेजवर होती आणि ते सांगितल्याशिवाय तिच्या सिनेमांबद्दल बोलणं मला अर्धवट वाटतं.

जन्म इंग्लंडमधल्या साउथपोर्टचा. आईवडील, लॉरा आणि जेफ्री, दोघंही नट, आणि त्यांची 'शेक्सपिअराना' ही फिरती नाटक कंपनी भारतभर हिंडायची, आज एखाद्या बोर्डिंग स्कूलचा हॉल तर उद्या कुठल्यातरी संस्थानिकाचा राजवाडा, जागा मिळेल तिथे शेक्सपिअर. धाकटी बहीण फेलिसिटी पण त्यातच वाढली, पुढे लंडनला जाऊन तिकडे टीव्ही आणि नाटकात मोठी झाली. जेनिफर इथलीच झाली. १९५६ मध्ये कलकत्त्यात शशी भेटला, तोही त्याच्या वडिलांच्या नाटक कंपनीतलाच, १९५८ ला लग्न.

कंपनीच्या उतरत्या दिवसांवर बेतलेला 'शेक्सपिअर वाला' हा सिनेमा १९६५ ला आला. त्यात आईवडील, फेलिसिटी, शशी सगळे ठळकपणे आहेत, जेनिफरचं काम मात्र अगदी छोटं.

तिचं खरं वर्ष १९७८. तिची भूमिका असलेला श्याम बेनेगलांचा 'जुनून' आला आणि ५ नोव्हेंबरला तिने आणि शशीने उभं केलेलं पृथ्वी उघडलं, पहिलं नाटक आपल्या गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून. जेमतेम २०० लोकांची जागा, प्रेक्षक तीन बाजूंनी, नटाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. कुठल्याही हॉलमध्ये उभं राहून नाटक करणारीलाच अशा जागेची किंमत कळणार.

मग १९८१ ला अपर्णा सेनचा '३६ चौरंगी लेन'. कलकत्त्यात शेक्सपिअर शिकवणारी एकटी अँग्लो-इंडियन बाई, सोबतीला सर टोबी नावाचं मांजर. जेनिफरने तेव्हा पन्नाशी पण गाठली नव्हती, पण तिची चाल, खांदे, थांबून थांबून बोलणं बघताना हे लक्षातही येत नाही. शेवटी नाताळच्या रात्री रस्त्यावर ती 'किंग लिअर'मधल्या ओळी म्हणत चाललेली असते आणि ऐकायला एक भटकं कुत्रं, तिथे ती आवाज जराही चढवत नाही, आणि मला हे वर्षानुवर्षं शेक्सपिअर जगलेल्या नटीचंच काम वाटतं. या भूमिकेसाठी बाफ्टा या ब्रिटिश सिनेपुरस्काराचं नामांकन मिळालं.

७ सप्टेंबर १९८४ ला लंडनमध्ये कॅन्सरने ती गेली. पृथ्वी पुढे कितीतरी वर्षं मुलगी संजनाने सांभाळलं.