सिलिकॉन की पीयू? काँक्रीटच्या साच्याला कुठलं रबर

डब्यातून ओतताना सिलिकॉन आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, ही दोन्ही रबरं मधासारखी दाट, घट्ट झाल्यावर दोन्ही सारखीच लवचिक. त्यामुळे गणपतीच्या कारखान्यात पीओपीला चाललेलं सिलिकॉन काँक्रीटलाही चालेल, असं सहज धरलं जातं. दहा-पंधरा नगांसाठी चालतंही. पण ओल्या काँक्रीटचा पीएच 12 च्या वर असतो आणि त्यातली वाळू कानशीसारखी घासते. सिलिकॉन बारीक नक्षी सुंदर उचलतं, पण त्याच्या कडेला एकदा चीर गेली की प्रत्येक उचलीला ती पुढे फाटत जाते. पीयू फाटायला आणि झिजायला चिवट. कठड्याचे खांब किंवा कुंड्यांचे पन्नास नग काढायचे असतील, तर आमचं मत सरळ पीयूला.

मुंबईत मात्र खरी परीक्षा हवेची. नेहमीच्या टिन-हार्डनरच्या (हार्डनर म्हणजे रबर घट्ट करणारं द्रव्य) सिलिकॉनला घट्ट व्हायला ओलावा लागतोच; जुलैत ते लवकर ओढतं, म्हणून कमी-कमी कालवावं. पीयूचं उलट. त्यातल्या आयसोसायनेट या घटकाला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि साच्याची आतली बाजू स्पंजसारखी भोकाभोकांची होते. ओल्या शाडूवर पीयू ओतूच नका. पीओपी किंवा लाकडाची मूळ मूर्ती पूर्ण वाळवून लाखेचे दोन-तीन हात द्या. उघडलेला डबा लगेच घट्ट बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी तो वाया गेलेला असेल.

सिलिकॉनचं हार्डनर अंदाजाने घालू नका, काट्यावर मोजा. 3 टक्के सांगितलं असेल तर किलोला 30 ग्रॅम. घाईत जास्त घातलं तर साचा ठिसूळ होऊन आयुष्य घटतं. पीयूचं प्रमाण, 1:1 असो वा 2:1, डब्यावर लिहिलंय तेच. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून ढवळा; न मिसळलेला पट्टा कायम चिकट राहतो.

पीयू जवळपास सगळ्याला चिकटतं. मूळ मूर्तीला मेणाचं रिलीज, म्हणजे साचा सुटून यावा म्हणून लावायचा थर, हवंच, पुढे प्रत्येक ओतकामाआधीही पातळ हात. सिलिकॉन चिकटतं ते मुख्यतः सिलिकॉनलाच, म्हणून दोन भागांच्या सांध्यावर व्हॅसलीन लावा. साइटवरचं डिझेल मात्र कुठल्याच साच्याला नको, रबर फुगतं.

टिनऐवजी प्लॅटिनमने घट्ट होणारं सिलिकॉन घेतलं असेल तर गंधकाच्या मॉडेलिंग क्लेपासून लांब ठेवा, ते घट्टच होत नाही. शंका असेल तर मूर्तीच्या तळाशी रुपयाएवढा ठिपका लावा. दुसऱ्या दिवशी नख मारा. चिकट लागला तर ओतू नका.