जुन्या ज्यू नाण्यांवरचा 'तो' तारा

फॉरवर्ड फिरतोय की दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू नाण्यांवर सहा टोकांचा 'डेव्हिडचा तारा' असायचा, पण तसं नाहीये हो. ज्यू राजा अलेक्झांडर यान्नायच्या तांब्याच्या छोट्या नाण्यांवर तारा आहे खरा, पण तो साधारण आठ किरणांचा, चाकाच्या आऱ्यांसारखा, आणि मागच्या बाजूला चक्क जहाजाचा नांगर! सहा टोकी तारा ज्यूंची ओळख बनला तो मध्ययुगानंतर, प्राग वगैरे भागातून. जुन्या ज्यू नाण्यांवरची चिन्हं म्हणजे मेनोरा (सात फांद्यांची दिवटी), डाळिंबं, खजुराचं झाड. बार कोखबाच्या बंडात (ज्यूंचं रोमनांविरुद्धचं बंड, इ.स. १३२-१३५) तर ज्यू बंडखोर रोमन नाण्यांवरच नवा ठसा मारायचे, काही नाण्यांवर खाली दबलेला रोमन सम्राटाचा चेहरा अजून पुसट दिसतो, मला तर तेच जास्त भारी वाटतं.