कबुतराचं काय करायचं, हे कॉर्टिकोस्टेरॉन सांगत नाही

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रत्येक तुकडीत हा घोळ होतोच. 'उंदरांवर हा प्रयोग करणं योग्य आहे का?' असं विचारलं की निम्म्या उत्तरपत्रिकांत पिंजऱ्याचं माप, खोलीचं तापमान आणि भुसा कधी बदलला ते येतं. विचारलं बायोएथिक्स (म्हणजे सजीवांशी कसं वागणं योग्य, याचा विचार), लिहिलं प्राणिकल्याण. गुण द्यायचे तरी कशाचे?

प्राणिकल्याण आमच्या मुलांना जमतं. १९७९ साली ब्रिटनच्या फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलने मांडलेली पाच स्वातंत्र्यं (जनावराला भूक, वेदना, भीती वगैरेंपासून मोकळीक) पाठ असतात. विष्ठेतलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताण दाखवणारं संप्रेरक, मोजता येतं, दोन तऱ्हेचे भुसे ठेवून उंदीर कुठे जास्त रमतो ते बघता येतं. जनावराचं कसं चाललंय, एवढाच तो प्रश्न. आपण काय करावं, हा दुसरा प्रश्न, आणि तिथे मोजपट्टी लावून भागत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी उत्तरायणातलं कबुतर काढतो. (घरी आम्ही संक्रांत म्हणतो, पण वडोदऱ्यात पतंग उडतात ते उत्तरायणालाच.) समजा, शहरातल्या मांडवीत मांजाने पंख खांद्याच्या सांध्यात कापला गेलाय. डॉक्टर म्हणतात, आता उडणार नाही. दाणा टिपतं, जखम भरतेय. मात्र वरून थवा गेला की फडफडतं आणि तोंडावर आपटतं. इथवर वर्गाचं एकमत. मग विचारतो, पुढे काय? जैन घरातली एक मुलगी म्हणाली, पांजरापोळात ठेवा, आयुष्य आहे तोवर जगू दे. मागच्या बाकावरून उत्तर आलं, रोज आपटत जगवण्यापेक्षा शांतपणे झोपवा. दोघांच्या वहीतल्या नोंदी अक्षरशः सारख्या! आणखी दहा वेळा कॉर्टिकोस्टेरॉन मोजलं तरी हे भांडण मिटणार नाही, कारण ते नोंदींवरून नाहीच. जगणं हेच मोलाचं की कसं जगतो ते, यावरून आहे.

याहून अवघड प्रसंग प्रयोगशाळेतला. प्रयोग संपला, ठणठणीत उंदराला भूल दिली, त्याला काही कळायच्या आत मारलं. वेदना शून्य. हुशार मुलंही इथे म्हणतात, 'मग हरकत काय?' अहो, त्रास झाला नाही एवढंच कल्याणाच्या नोंदीत येतं. त्याचं पुढचं आयुष्य आपण घेतलं, ते घ्यायचा हक्क आपल्याला होता का, या प्रश्नाला त्या तक्त्यात रकानाच नाही.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'अनावश्यक वेदना किंवा यातना' असे शब्द आहेत. त्यातली 'वेदना' पशुवैद्य बघेल. 'अनावश्यक' कुणी ठरवायचं? कशासाठी आवश्यक, कुणाला आवश्यक? सगळं बायोएथिक्स त्या एका विशेषणात बसलंय आणि मुलं ते विशेषण वाचतच नाहीत.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या 'तीन आर'चंही तेच. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये ते मांडले: पर्याय वापरा (रिप्लेसमेंट), संख्या घटवा (रिडक्शन), त्रास कमी करा (रिफाइनमेंट). मला ते मनापासून आवडतात. पण प्रयोग करण्याजोगा आहे हे मान्य केल्यानंतरची ती शिस्त आहे. मुळात तो करावा का, याला 'तीन आर पाळले' हे उत्तर होत नाही. आणि 'प्राणिप्रयोग समितीची मंजुरी आहे' हे तर नाहीच नाही. मंजुरी नसेल तर प्रयोग करू नये हे कबूल, पण शिक्का मिळाला की विचार संपला, ही सवय मला सगळ्यात जास्त खुपते.

प्राणिप्रेमाची गोष्ट वेगळीच, इथे तिचं काम नाही. कुत्रं आवडत नसलेला माणूसही हा पेपर उत्तम सोडवू शकतो.

यंदा मी प्रश्नच बदलला. कबुतराच्या सगळ्या नोंदी, वजनापासून जखमेपर्यंत, प्रश्नातच छापल्या आणि खाली लिहिलं: 'या नोंदी पुन्हा लिहू नयेत. काय करावं आणि का, एवढंच लिहा.' अर्ध्या तासाने तिसऱ्या रांगेतून हात वर आला.

'सर, पांजरानुं माप नथी आप्युं.' (पिंजऱ्याचं माप दिलेलं नाही!)