फाइलमधले नियम आणि लागू असलेले नियम : स्पॅम फिल्टरच्या कॉन्फिगरेशनची पार्श्वभूमी

कोकणात जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. फेरफार कितीही झालेले असोत, आज जमीन कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावरच पाहावे लागते. आणि सातबारा पाहिला तरी वहिवाट कोणाची, हा प्रश्न उरतोच. मेल सर्व्हरवरच्या, नको असलेली मेल अडवणाऱ्या स्पॅम फिल्टरचेही तसेच आहे. वेगवेगळ्या फाइलींत वेगवेगळ्या काळी केलेल्या नोंदी म्हणजे फेरफार. त्या सगळ्यांचा मेळ घालून निघणारा उतारा म्हणजे लागू कॉन्फिगरेशन. हा उतारा मागण्याची वेळ का आली, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांचा, आरएफसी 821 हा दस्तऐवज लिहिला, तेव्हा पाठवणाऱ्यावर अविश्वास दाखवण्याची सोय त्यात नव्हती. वास्तविक 3 मे 1978 रोजीच डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली होती. पण जाळे लहान होते आणि समज देऊन काम भागत होते. त्या काळचा प्रमुख मेल सर्व्हर म्हणजे एरिक ऑलमन यांचा सेंडमेल. त्याची सेंडमेल.सीएफ ही फाइल इतकी दुर्बोध होती की पुढे एम4 या प्रोग्रामसाठी मॅक्रोंची, म्हणजे आखूड संकेतांची, सोपी फाइल लिहून तिच्यापासून ती तयार करण्याची पद्धत पडली. माणूस एक फाइल लिहितो आणि प्रोग्राम दुसरीच वाचतो, ही फारकत तिथून सुरू झाली. घाईच्या वेळी कोणी थेट सीएफ फाइलमध्ये दुरुस्ती करायचा, आणि पुढच्या वेळी एम4 चालवले की ती दुरुस्ती पुसली जायची.

1998 मध्ये आयबीएममध्ये असताना वित्से वेनेमा यांनी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर प्रसिद्ध केला, त्याची रीत उलट होती. शेकडो पर्यायांची मूळ मूल्ये प्रोग्रामच्या पोटात ठेवायची आणि मेन.सीएफमध्ये फक्त वेगळे हवे तेवढे लिहायचे. फाइल छोटी झाली, पण न लिहिलेले काय लागू आहे हे दिसेनासे झाले. म्हणून सोबत पोस्टकॉन्फ ही आज्ञा आली. नुसती चालवली तर ती सगळी मूल्ये दाखवते, ‘-डी’ लावले तर मूळ मूल्ये आणि ‘-एन’ लावले तर फक्त आपण मेन.सीएफमध्ये लिहिलेली. मात्र मास्टर.सीएफ या सेवांच्या फाइलमध्ये एखाद्या सेवेपुरता ‘-ओ’ लावून केलेला बदल ‘-एन’मध्ये येत नाही. त्यासाठी 2.11 या आवृत्तीपासून मोठ्या (कॅपिटल) अक्षरातले ‘-पी’ आले. माझ्या मते ‘-एन’च्या उताऱ्यावर पूर्ण विश्वास टाकणे ही पोस्टफिक्स चालवणाऱ्यांची सर्वात जुनी खोड आहे.

दरम्यान 1997 पासून डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीवर, आधारलेल्या काळ्या याद्या आल्या. पाठवणारा सर्व्हर बदनाम आहे का, हे मेल घेणारा सर्व्हर या याद्यांना विचारतो. यातही एका विसरलेल्या ओळीने केवढा घोटाळा होतो, याचे उदाहरण ओआरडीबी या यादीने घालून दिले. ती डिसेंबर 2006 मध्ये बंद झाली, तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च 2008 मध्ये यादी चालवणाऱ्यांनी प्रत्येक प्रश्नाला ‘हो, यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ती जुनी ओळ ज्यांच्या फाइलीत शिल्लक होती त्यांच्याकडे येणारी सगळीच मेल अडली.

जस्टिन मेसन यांच्या स्पॅमअसॅसिन या फिल्टरने 2001 मध्ये एका नियमावर निकाल न देता अनेक नियमांच्या गुणांची बेरीज करायची पद्धत रुजवली. बेरीज मर्यादेला पोचली की पत्र स्पॅम, आणि मूळ मर्यादा 5 गुणांची. गुण आले तसे थरही आले. पॅकेजसोबतचे नियम किंवा, एसए-अपडेट ही नवे नियम आणणारी आज्ञा चालवली असेल तर, त्यांच्याऐवजी तिने उतरवलेले नियम, मग प्रशासकाची लोकल.सीएफ आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची फाइल, अशा क्रमाने वाचन होते आणि नंतर वाचलेले आधीच्यावर मात करते. 1 जानेवारी 2010 रोजी या थरांची परीक्षा झाली. ‘फार पुढची तारीख’ पकडणारा एक नियम 2010 पासूनच्या सगळ्या वर्षांना संशयित मानत होता, आणि प्रत्येक साध्या पत्राला त्यामुळे दोनपासून साडेतीनपर्यंत गुण जादा मिळू लागले. दुरुस्त नियम एसए-अपडेटने येणार होता. ज्यांनी ते चालवलेच नाही, त्यांच्या लोकल.सीएफमध्ये चूक शोधून सापडणारी नव्हती. त्यातच मेल सर्व्हर आणि स्पॅमअसॅसिन यांच्यामध्ये अमाविससारखा प्रोग्राम असेल तर तो स्वतःच्या मर्यादा लावतो, आणि लोकल.सीएफमधल्या मर्यादेकडे पाहतही नाही.

व्सेवोलोद स्ताखोव यांच्या आरस्पॅमडी या फिल्टरने हे थर नाकारले नाहीत, त्यांना नावे दिली. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, लोकल.डी या फोल्डरमध्ये लिहिलेले मूळ नोंदींत मिसळते, ओव्हरराइड.डीमध्ये लिहिलेले त्यांच्या जागी बसते. नेहमीची चूक अशी की लोकल.डीमधली फाइल मुळातच त्या विभागाच्या महिरपी कंसात वाचली जाते, तरी लिहिणारा पुन्हा विभागाचे नाव आणि कंस घालतो. नियम एक पायरी आत जाऊन बसतो आणि काहीच करत नाही, पण व्याकरण बरोबर असल्याने तपासणीत तक्रारही येत नाही. आरस्पॅमॲडम कॉन्फिगडम्प ही आज्ञा इथे उपयोगी पडते. सगळे थर एकत्र करून ती अखेरचे रूप छापते, पुढे विभागाचे नाव दिले तर तेवढाच विभाग छापते, आणि कंसात कंस लगेच दिसतो.

तरीही हा उताराच आहे, वहिवाट नव्हे. कॉन्फिगडम्प फाइली नव्याने वाचतो. चालू असलेल्या सेवेने मात्र त्या शेवटच्या रीस्टार्ट किंवा रीलोडच्या (फाइली पुन्हा वाचायला लावण्याच्या) वेळी वाचलेल्या असतात. रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदारांच्या संस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो, तिथे हा फरक मे महिन्यात पुढे आला. वळवाच्या पावसात रात्रभर वीज गेली, यूपीएस संपला, पहाटे सर्व्हर पुन्हा सुरू झाला, आणि ऐन हंगामाच्या शेवटी जुन्या खरेदीदारांची पत्रे परत जाऊ लागली. कोणी काही बदलले नव्हते, हे खरेच होते. जानेवारीत चाचणीसाठी मीच मेल नाकारण्याची मर्यादा 15 वरून 6 वर आणली होती, फाइल जतन केली होती आणि रीलोड करायचे राहून गेले होते. चार महिने कॉन्फिगडम्पने 6 दाखवले असते आणि सेवा 15 धरून चालत होती.

लागू असलेला आकडा मात्र सगळा वेळ डोळ्यांसमोर होता. आरस्पॅमडी लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, प्रत्येक पत्राच्या ओळीत मिळालेल्या गुणांशेजारी तिरक्या रेघेपलीकडे नाकारण्याची मर्यादा लिहितो. वीज जाण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळीत ती 15.00 होती, पहाटेच्या पहिल्या ओळीत 6.00.